चढावर बोललेलं

हिरूची फटफटी आली तेव्हा गावात दोनच फटफट्या होत्या. एक ग्रामसेवकाची, म्हणजे गावची नव्हेच. दुसरी शुक्रा पाटलाच्या थोरल्याची. ती जुनी होती, तेल गळायचं, पण आवाज असा की खालापूरच्या फाट्यावर वळली की इकडे गावात कोंबड्या आपोआप रस्ता सोडायच्या. हिरूची तिसरी, आणि कोरी करकरीत. लाल टाकी, आरशासारखं मडगार्ड, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं काढलं नव्हतं. नंबर लावून अकरा महिने वाट पाहिली होती त्यानं. त्या अकरा महिन्यांत तो खोपोलीच्या कारखान्यात रोज सायकलीनं गेला-आला, आणि रोज कुणाला ना कुणाला धरून गाडीचं सांगत राहिला.

"तीन गेर हायेत. पेट्रोल म्हनशील तर नुसत्या वासावर चालती. दोघं बसून आख्खा बोरघाट चढून जाती."

हे शेवटचं त्याला कुणी सांगितलं होतं, ते त्याला धड आठवत नव्हतं. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

गाडी आल्यावर पहिले चार दिवस तो हवेत होता. पाचव्या दिवशी त्यानं गजाला मागं बसवलं. गजा त्याच्याच खात्यात कामाला, लहानपणापासूनचा सोबती, अंगानं असा की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. दोघं पळसदरीकडं निघाले. सपाटीला गाडी बरी पळाली. पुढं चढ लागला आणि आवाज बदलला. हिरूनं तिसरा गेर काढून दुसरा टाकला, दुसरा काढून पहिला टाकला. मूठ पिळून पिळून मनगट दुखलं, पण गाडी काही उचल घेईना. शिवणयंत्रासारखी नुसती टरटर करत राहिली. शेवटी गजानं दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि गाडीवरून न उतरताच तो चालू लागला.

"हिरू, मी तुझ्या गाडीवर बसलोय का तुझी गाडी मला धरून चाललीय रं?"

गजाला हसू आवरेना. हिरूला मात्र कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं.

"रनिंग चालू हाय," तो म्हणाला. "हजार किलोमीटर झाल्याबिगर मशीन मोकळं होत नाय. आनि हे बघ, गावात बोलू नको."

"मी कशाला बोलू?" गजा म्हणाला, आणि खरंच बोलला नाही.

मग हिरूनं हजार किलोमीटर व्हायची वाट पाहिली. कामाशिवाय खालापूरला जाऊन यायचा, संध्याकाळी चौक गावापर्यंत उगीच चक्कर मारायचा. काटा हजारावर गेला त्याच दिवशी तो खोपोलीच्या मेकॅनिककडं गेला. मेकॅनिकनं प्लग काढून घासला, कार्बोरेटर साफ केलं, गाडीवर बसून एक फेरी मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही. गाडी एवढीच आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे पन्नास सीसी. एका माणसाची गाडी. दुसरं माणूस सपाटीला बसवा. चढाला नाही खेचायची ती."

हिरूनं मान हलवली, जणू हे त्याला आधीच ठाऊक होतं. घरी आल्यावर सोनुबाईनं विचारलं, "काय म्हनाला?" तर तो म्हणाला, "एकदम फस्क्लास."

सोनुबाई त्याची बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. उंच, भरल्या अंगाची. आवणीला, भाताची रोपं लावताना, तिच्या ओळीच्या पुढं कुणाची ओळ जायची नाही, आणि झोडणी झाली की मणाचं पोतं एकटी पाठीवर घेऊन खळ्यातून घरात आणायची. तिच्या अंगाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. उलट हिरूची आई जिवंत होती तोवर आल्यागेल्याला सांगायची, माझी सून बघा, दोन बाप्यांचं काम करते.

वैशाखात सोनुबाईच्या भाचीचं लग्न निघालं. तिचं माहेर कळंबचं. भाऊ बुधाजी आणि म्हातारी आई गोदूबाई, दोघंही तिथंच. गावातल्या भावकीनं मिळून टेंपो ठरवला. सदू टेंपोवाला हिरूकडं विचारायला आला तेव्हा ओट्यावर चार माणसं बसली होती.

"तुमची दोघांची जागा धरू ना, हिरूदादा?"

"आमाला कशाला टेंपोत कोंबतोस?" हिरू म्हणाला. "आमी आपले गाडीवर जाऊ. तुमच्या आधी पोचू."

हे बोलताना त्याला वाटेतला पळसदरीचा चढ आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. पण चार माणसं बघत होती आणि सोनुबाई दारात उभी राहून हसत होती. माहेरच्या दारात नव्या गाडीवरून उतरायचं, हे तिच्या मनात गाडी यायच्या आधीपासून होतं. हिरूनं स्वतःची समजूत घातली, सकाळच्या गारव्यात निघू, जोर करून घेऊ, एकदा वर गेलं की झालं.

पण सकाळी निघायला उशीर झाला. सोनुबाईनं हिरवं नऊवारी लुगडं नेसलं, भाचीसाठी घेतलेल्या पातेल्यांचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि एका बाजूला पाय सोडून बसली. खोपोली मागं पडेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. सपाटीला ती मागून बोलत होती, वारं कसं लागतंय, आई गाडी बघून काय म्हणेल, असलं काहीबाही. हिरू हूं हूं करत होता. त्याचं लक्ष पुढं होतं.

चढ सुरू झाला. दुसरा गेर, मग पहिला. गाडी थरथरू लागली. मागून हॉर्न वाजला. आरशात बघितलं तर सदूचा टेंपो. समोरून नेमकी एश्टी उतरत होती, त्यामुळं टेंपोला पुढं काढायला वाव नव्हता. तो त्यांच्या पाठीला लागून घरघरत राहिला आणि केबिनच्या टपावरून भावकीची डोकी वाकून बघू लागली. तेवढ्यात गाडीनं एक आचका दिला आणि ती बंद पडली.

टेंपोही थांबला. सदूनं डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, हिरूदादा?"

खरं तर सांगण्यासारखं सोपं होतं. गाडीत दम नाही, एवढंच. तीन शब्द. पण वर वीस माणसं होती, त्यांतल्या प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी बोलण्यात बोरघाट चढवून दाखवला होता. हिरूच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"काय व्हनार? मागं म्हस बसवलीय, गाडी बिचारी काय करंल? उतर गं! कितींदा सांगितलं तुला, जरा बारीक हो म्हनून!"

टेंपोत हशा पिकला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, बापे मोकळे हसले. कुणीतरी ओरडलं, "वयनी, या इकडं, आमचा टेंपो दनकट हाय!" पुन्हा हशा. त्या सगळ्यांत गजा पुढंच उभा होता, टपाला हात टेकून. तो हसला नाही. तो हिरूकडं बघत होता. हिरूनं त्याच्याशी नजर मिळवली नाही.

सोनुबाई उतरली. टेंपोकडं गेली नाही. गाठोडं डोक्यावर घेतलं, निऱ्या जरा वर खोचल्या आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागली. टेंपो तिच्या बाजूनं वर निघून गेला. हिरूनं किक मारली. एकट्याला घेऊनसुद्धा गाडी पहिल्या गेरमध्येच, कुथत कुथत वर निघाली. तो तिच्या जवळून पुढं गेला तेव्हा ती न बघताच बाजूला सरली, परक्या माणसाला वाट द्यावी तशी.

वर पोचून तो एका आंब्याखाली थांबला. उतरून खाली जावं, निदान गाठोडं तरी घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण रस्त्यानं माणसं येत-जात होती, आणि गाडी सोडून बायकोचं गाठोडं आणायला गेलो तर कसं दिसेल, या विचारात ती वर आलीसुद्धा. चेहरा लाल झाला होता, कुंकू घामानं ओघळलं होतं.

"बस," तो म्हणाला.

ती बसली.

थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "गमतीनं बोललो मी."

"हं," ती म्हणाली. त्यापुढं कळंब येईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.

त्यांच्या आधी टेंपो पोचला होता आणि टेंपोबरोबर ती गंमतही. मांडवाच्या दारातच बुधाजीची साली म्हणाली, "आल्या का? गाडी हाय ना जाग्यावर?" जेवणाच्या पंगतीत वाढणारा म्हणाला, "आक्काला बुंदी जरा बेतानं वाढा रं, परत जायाचंय त्यांना गाडीवरनं." सोनुबाई प्रत्येक वेळी हसली. भाचीला पातेली दिली, ओटी भरली, अक्षता टाकल्या. हिरूला वाटलं, चला, तिनं मनावर घेतलं नाही. दुपार कलेपर्यंत त्यानं स्वतःला तसंच समजावलं.

निघायच्या वेळी गोदूबाईनं त्याला मांडवामागं बोलावून घेतलं. म्हातारीला दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं. तिनं त्याच्या हातात लाडवांचा पुडा दिला आणि हळू आवाजात विचारलं,

"जावयबापू, पोर जड झाली का तुमाला?"

"नाय वो आये, तसं काय नाय..." एवढंच तो कसंबसं म्हणाला. म्हातारीनं आणखी काही विचारलं नाही, पुड्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली आणि ती आत गेली. तो रस्त्यावर आला तेव्हा सोनुबाई टेंपोत चढून बसली होती, बायांच्या मधे, तोंड पलीकडं करून. हिरू एकटाच गाडी घेऊन निघाला. एकट्याला घेऊन गाडी छान पळत होती. त्या पळण्याचा त्याला राग आला.

त्यानंतर घरात भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं, असं त्याला वाटायचं. सोनुबाई रोजच्यासारखी उठायची, त्याचा डबा भरायची, ढोरांचं बघायची. फक्त रात्री जेवताना ती अर्धीच भाकरी खाऊ लागली. राहिलेली अर्धी दुरडीत झाकून ठेवायची. हिरूनं पहिल्या दिवशी ते पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं. 'पोट भरून खा' एवढं म्हणायला तोंड उघडेना, कारण त्याच्यामागून दुसरंही काही म्हणावं लागलं असतं.

एकदा तो पहिल्या पाळीवरून परत आला. पेट्रोल संपलं म्हणून फाट्यापासून गाडी हातानं ढकलत आणत होता, त्यामुळं आवाज नव्हता. परसातल्या कुडाशी आला तर आत सोनुबाई आणि शेजारची चिंधी भांडी घासत होत्या.

"चिंधे, खरं सांग," सोनुबाई विचारत होती. "मी लई जाडी दिसतंय का गं?"

"चल, कायतरीच!"

"नाय, खरं सांग. मला आदी कधी कोन बोललं नाय. आता वाटतं, लोकं पयल्यापास्नं हसत असतील."

हिरू गाडी धरून कुडाबाहेर तसाच उभा राहिला. आत जायचं त्याला धैर्य होईना. गाडी वळवून तो पुन्हा फाट्याकडं गेला आणि अर्ध्या तासानं आला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहाच्या सुट्टीत तो गजाच्या शेजारी जाऊन बसला. भाचीच्या लग्नापासून गजा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता. गजानं चहा संपवला, कप पालथा घातला आणि विचारलं,

"हिरू, माझं वजन किती असंल रं?"

हिरूनं आपला कप उचलला.

"पन्नासबी नसंल," गजा म्हणाला आणि उठून गेला.

त्या रविवारी हिरू घरात न सांगता कळंबला गेला. गोदूबाई अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होती. तो तिच्या समोर उकिडवा बसला. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं होतं, पण तिथं सगळं एकदम आणि वेडंवाकडं बाहेर आलं. गाडीत दम नाही, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. गजाला बसवलं तेव्हाही ती थांबली होती. मेकॅनिकनं तोंडावर सांगितलं होतं. सोनीचा काही दोष नव्हता.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मिरच्या पसरायचा हात थांबला नाही.

"हे मला कशाला सांगता?"

"तुमी ईचारलं व्हतं ना."

"मी ईचारलं व्हतं, जड झाली का. गाडीचं कुटं ईचारलं?" तिनं मूठभर मिरच्या पुढं ओढल्या. मग म्हणाली, "जिथं बोललात तिथं सांगा. माझ्या अंगनात सांगून काय उपेग? च्या घेऊन जा आता."

तिनं चहा दिला. तो पिऊन हिरू तसाच गाडीकडं गेला.

पुढच्या आठवड्यात शुक्रा पाटलाच्या नातवाचं बारसं होतं. दुपार टळल्यावर पाटलाच्या ओटीवर आणि अंगणात सगळी भावकी जमली. टेंपोतली झाडून सगळी माणसं तिथं होती. सोनुबाई आत आली. बसायला जागा नव्हती, म्हणून पाटलीणबाईंनी तिला बाजेवर बस म्हटलं. ती टेकणार तोच सदू टेंपोवाला म्हणाला,

"वयनी, बाजंला जपून हां! ती काय आमचा टेंपो न्हवं!"

हशा झाला. सोनुबाई अर्धी वाकली होती, ती तशीच सरळ झाली आणि खाली चटईवर जाऊन बसली.

हिरू ओटीच्या कडेला होता. तो उभा राहिला. त्यानं खांबाला हात लावला.

"सदू, थांब," तो म्हणाला. "मला एक सांगायचंय. सगळ्यांना."

माणसं त्याच्याकडं वळली. काहींना वाटलं, गाडीचं आणखी काही कौतुक असणार.

"त्या दिवशी चढावर मी खोटं बोललो. गाडी हिच्या वजनानं नाय बंद पडली. माझ्या गाडीत दमच नाय. गजाला घेऊनबी थांबली व्हती. माझ्या एकट्याच्यानंसुदा रडत रडत चढती. मला हे म्हाईत व्हतं. निघायच्या आदीपास्नं म्हाईत व्हतं. तुमच्याम्होरं लाज वाटली म्हनून हिच्यावर ढकललं."

आत बाळ रडत होतं. मग गजा मागून म्हणाला, "खरं हाय. मी पाय टेकून चाललो व्हतो गाडीवर बसून."

आणि मग पाटलाचा थोरला खो खो हसला. "म्हंजे हिरूकाका, फटफटी घेतली का कपडं शिवायचं मशीन?" सगळं अंगण हसलं. बोरघाटाची आठवण निघाली, नुसत्या वासावर चालते त्याची आठवण निघाली. जो तो हिरूनं काय काय सांगितलं होतं ते एकमेकांना सांगू लागला. हिरू खांबाला धरून उभा होता. त्याची मान खाली गेली होती, पण तो तिथून हलला नाही. बायांच्या बाजूला बघावंसं वाटत होतं. त्यानं बघितलं तेव्हा सोनुबाईनं चटईची एक काडी उपसून काढली होती आणि ती बोटाला गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

घरी येताना ती पुढं, तो मागं. दार उघडून आत गेल्यावर ती थांबली.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"हां."

"निघायच्या आदी?"

"हां."

"मला वाटलं, चढावर तुमालाबी माझ्या वजनानंच थांबली आसं वाटलं आसंल. राग आला व्हता, पन मला वाटलं, खरंच माझ्यानं आसंल." तिचा आवाज चढला नाही. "महिनाभर मी अर्धी भाकरी खाल्ली. समोर बसून बघत व्हतात तुमी."

हिरूला वाटलं होतं, एकदा लोकांसमोर सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. ती आत्तापर्यंत त्याला अर्धवट माफ करून बसली होती, आणि त्यानं आज खरं सांगून तेही काढून घेतलं होतं. तो दाराशी नुसता उभा राहिला. चुकलो, हा शब्द त्याला त्या वेळी इतका लहान वाटला की त्यानं तो उच्चारला नाही. दोन दिवसांनी उच्चारला, ती तांदूळ पाखडत असताना. तिनं ऐकलं, सूप दोनदा जास्त झटकलं आणि म्हणाली, "ऐकलं मी."

गाडीला गावात 'मशीन' हे नाव पडलं आणि हिरूला 'मशीनवाला'. कारखान्यात गेटवरचा पहारेकरीसुद्धा तेच म्हणू लागला. हिरूनं कुणाला अडवलं नाही. गाडी तो खोपोलीला कामाला जाण्यापुरती वापरायचा, मागची सीट रिकामी ठेवून.

श्रावणात गोदूबाईचं अंग मोडून आलं, असा बुधाजीचा निरोप आला. सोनुबाईनं पिशवी भरली आणि म्हणाली, "मी एश्टीनं जातंय."

"मी येतो," हिरू म्हणाला.

ती काही म्हणाली नाही, म्हणून तो पिशवी घेऊन तिच्याबरोबर फाट्यावर गेला. एश्टीत दोघांना शेजारी जागा मिळाली. कर्जतला एक ओळखीचा माणूस चढला, हिरूच्या कारखान्यातला जुना फिटर. हिरूला बघून तो मोठ्यानं म्हणाला,

"अरे, तू एश्टीत? नवी गाडी घेतली होतीस ना?"

आसपासच्या चार माणसांनी मान वळवली. हिरूचे कान तापले.

"घेतलीय," तो म्हणाला. "पन तिच्यात दम नाय. दोघांना घेऊन चढत नाय ती."

"एवढी महागाची घेतलीस आणि..."

"हां. चुकलं माझं," हिरू म्हणाला.

फिटर हसून पुढं सरकला. सोनुबाई खिडकीशी बसली होती, बाहेरची हिरवीगार शेतं बघत. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते हिरूला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. जरा पुढं वाकला असता तर दिसलं असतं. तेवढं त्याच्यानं झालं नाही.